तुरीवरून गेलेल्या मोटारी

माघ लागला की शेलूबाजारहून मालेगावला एसटीनं जायचं म्हणजे माझं डोकं उठतं. जिथं जिथं डांबर सपाट आहे तिथं तिथं लोकांनी तूर अंथरलेली असते. अर्धा रस्ता तुरीचा, अर्धा गाड्यांचा. कडेला दगड मांडलेले, एखादी म्हातारी काठी घेऊन बसलेली. ट्रक गेला की ती उठते, झाडं उलथीपालथी करते, पुन्हा बसते. ड्रायव्हर रोज शिव्या देतो, म्हातारी रोज ऐकते, आणि तूर मळून होते. परवा माझ्या शेजारी बसलेली एक मास्तरीण म्हणाली, "किती हुशार असतात ना हे लोक." मी खिडकी लावून घेतली. तुरीचा भुसा डोळ्यांत जातो.

या रस्त्यावर ही हुशारी पहिल्यांदा आमच्या घरानं केली. तेव्हा मी पंचविशीची होते आणि रस्त्यावर दिवसाला चार मोटारी दिसल्या तरी लोक मोजत बसायचे. पण त्या एका माघात मुंबईहून कलकत्त्याला मोटारींची शर्यत निघाली होती, आणि ती आमच्या वावरापुढून जाणार होती.

शर्यत म्हटलं की लोकांना वेग आठवतो. मला वाट पाहणं आठवतं. बारा दिवस.

त्या वर्षीच्या दसऱ्याला आम्ही वेगळे निघालो होतो. यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे, त्यांच्या हाती घरचा कारभार होता आणि जाऊबाईंच्या हाती चूल. सात वर्षं मी त्या चुलीपुढे जाळ घातला, पण भाजीत मीठ घातलं नाही. मीठ जाऊबाई घालायच्या. वेगळ्या चुलीचं मोठेपण काय, असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन, की मीठ किती घालायचं हे मला कुणाला विचारावं लागत नव्हतं. चूल मी स्वतः घातली होती. गाळाची माती, भुसा आणि शेण. पहिल्यांदा तडकली, दुसऱ्यांदा बसली. पहिल्या दिवशी मुगाची आमटी केली, आणि ती खारट झाली तरी मी पोटभर जेवले.

वाटणी मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी केली. त्यांचा न्याय सरळ असायचा: सगळं अर्धं. भांडी अर्धी, वावर अर्धं, आणि बैलजोडीही अर्धी. पाखऱ्या भासऱ्यांच्या गोठ्यात राहिला, लाल्या आमच्या अंगणात आला. एका बैलानं काय होतं? बंडी ओढली जात नाही, वखर चालत नाही, खळ्यावर मळणीची पात धरता येत नाही. लाल्या दिवसभर उभा राहून पाखऱ्याच्या गोठ्याकडे तोंड करून हंबरायचा. वर मामाजींनी अट घातली.

"शिवरातीले तुमची तूर तुमच्या घरात दिसली पायजे. दिसली तं खुशाल ऱ्हा येगये. नाही दिसली तं चूल एक कराची. मंग माह्याजवळ रडत येऊ नोका."

"अन जोडी?" यांनी विचारलं.

"जोडी लागंल तवा भावाले मांगाची. भाऊ हाये तो, सावकार नाही."

गोष्ट सोपी होती. भावाला बैल मागायचा, चार दिवस पात धरायची, तूर घरात आणायची. पण मागणार कोण? मी भासऱ्यांशी बोलू शकत नव्हते. आमच्याकडे तेव्हा भासऱ्यांसमोर सून बोलत नसे. ते दारातून आले की पदर ओढायचा आणि भिंतीकडे तोंड करायचं. घरात आग लागली असती तरी मी ती त्यांना नवऱ्याच्या तोंडूनच सांगितली असती. आणि नवऱ्याचं तोंड हे असं:

"बैल मांगतला का?"

"मांगतो ना."

"कवा?"

"तो आज घुश्श्यात हाये."

भासरे सगळा पौष घुश्श्यात होते. संक्रांतीला तीळगूळ खाऊनही निवळले नाहीत. सोंगलेल्या तुरीची सुडी, म्हणजे गंजी, वावरात उभी होती, शेंगा खडखड वाळल्या होत्या. वाळल्या तुरीचा एक वास असतो, उन्हात तापलेल्या दोरासारखा. वारा आला की सगळी सुडी एकदम खुळखुळते. दुसऱ्या कुणाला तो आवाज गोड वाटला असेल. मला तो ऐकला की वाटायचं, दाणे गळून राहिलेत आणि आपण नुसते बसलोय.

तशात कोतवालानं दवंडी दिली. "आयका हो, सोमवारी मोटारी येऊन राह्यल्या. रस्त्यावर बंडी नेऊ नोका, ढोरं बांधून ठेवा, लेकराईले सांभाया."

आमच्या यांना मोटारीचं भारी वेड. लग्नाआधी दोन वर्षं ते अकोल्याच्या एका सर्व्हिस मोटारीवर क्लीनर होते, आणि ती दोन वर्षं त्यांनी जन्मभर पुरवून खाल्ली. गाडीचा आवाज ऐकून ते सांगायचे, कोणती आहे, कुठून आली, काय बिघडलंय. दवंडी ऐकून त्या दिवशी ते वावरातून धावत घरी आले. एवढे धावताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"अवं, आता बैल नाही लागत आपल्याले."

"काहून?"

"पन्नास मोटारी म्हंते कोतवाल. पन्नास मोटारीचे चाकं किती?"

"दोनशे."

"अन बैलाच्या खुरापेक्षा मोटारीचं चाक जड का हलकं?"

आमच्या वावरापुढच्या चढावर बंड्या घसरायच्या म्हणून तेवढ्याच तुकड्यावर डांबर टाकलेलं होतं. बाकी सगळा रस्ता खडीचा. त्या डांबरावर तूर अंथरायची. एका सकाळी पन्नास मोटारी तिच्यावरून जातील. दोनशे जड चाकं. भावापुढे हात पसरायला नको, काही नको. संध्याकाळी तूर घरात.

मी काय म्हणाले असेन? मी चौथी पास, पाढे तोंडपाठ, गावातल्या बायका माझ्याकडून हिशोब करून घ्यायच्या. मी विचार केला आणि "बरं" म्हणाले. लोकांना वाटतं नवऱ्यानं मला खड्ड्यात घातलं. तसं म्हणण्यात सोय आहे, पण ते खरं नाही. हिशोब मी तपासला होता. जडपण धरलं होतं, चाकं धरली होती. वेग धरला नव्हता.

सोमवारच्या आदल्या दिवशी सुभद्राबाई आली. ती आमच्याकडे वेचणीला यायची, वस्तीवरची. काम नसलं की नवरा-बायको कामाच्या शोधात गाव सोडायचे. तिनं सुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"वयनी, काठ्या काढा, झोडपू. तुमी अन मी. आठ दिसात सुडी खाली करू."

"नाही लागत. उद्या मोटारी येऊन राह्यल्या. त्यायच्या चाकाखाली मयून निंगंल."

सुभद्राबाईनं सुडीतली एक शेंग चोळून पाहिली. मग म्हणाली, "मोटारीले तुमच्या तुरीशी काय घेनं हाये?"

"घेनं कायचं? त्या जातीन, आपलं काम होईन."

"मंग ठीक हाये बा," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी हरभरा सोंगायला मेडशीकडे निघून गेली. तिचा तो प्रश्न मला आजही आठवतो आणि आजही माझा मलाच राग येतो. एवढं सरळ बोलणं मला कळू नये?

सोमवारी मोटारी आल्या नाहीत. कुठलासा पूल नादुरुस्त निघाला म्हणे. शुक्रवारी येणार. शुक्रवारीही नाही. कोतवाल डफ घेऊन पुन्हा फिरला तेव्हा पारावरचे लोक त्याला छळायला लागले.

"काय बा, तुह्या मोटारीले बैल जुंपले का?"

"वाटेत पंगतीले बसल्या असतीन."

कोतवाल चिडून म्हणायचा, "मले जे सांगतलं ते मी सांगतलं. मी काय मोटार हाकून राह्यलो का?"

मीही हसायचे. हसत हसत दिवस मोजायचे. रोज सकाळी सुडीवरची ताडपत्री काढायची, संध्याकाळी घालायची. उंदीर लागले होते. खालच्या शेंगा फुटायला लागल्या होत्या. दर वेळी मनात यायचं की काठी घ्यावी आणि सुरू करावं. दर वेळी हे म्हणायचे, "आता परवावर आलं, आता कायले हात मोडून घेते?" आणि मी काठी ठेवायचे. एकदा माणूस वाट पाहायला लागला की थांबणं कठीण होतं. आधी पाहिलेली वाट वाया जाईल, असं वाटतं. म्हणून आणखी पाहायची. शहाण्या माणसांचं असंच नुकसान होतं. येड्या माणसानं दुसऱ्याच दिवशी काठी उचलली असती.

बाराव्या दिवशी मोटारी आल्या.

सकाळी पोलिसांची जीप पुढे जाऊन रस्ता पाहून गेली. ती वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावर आम्ही तूर अंथरली. हे यांनीच ठरवलं होतं, आधी अंथरली तर काढायला लावतील म्हणून. म्हणजे करतोय ते बरोबर नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. दोघांनी मिळून पेंढ्या सोडल्या, झाडं शेंड्याला शेंडा लावून पसरली, फर्लांगभर लांब, गुडघ्याला लागेल एवढा थर. चांगला थर घातला होता मी. खळ्यावर घालतात तसाच.

मग हे चढाखालच्या मोरीच्या पुलावर जाऊन उभे राहिले. शर्यतीच्या लोकांनी गावातल्या चौघांना हिरवी-लाल फडकी दिली होती. पुढचा रस्ता मोकळा असेल तर हिरवं हलवायचं. त्या चौघांत आमचे हे. त्यांनी हिरवं फडकं हातात घेतलं आणि खांदे मागे टाकले. मी वर चढावर, पुढे पसरलेली तूर, आणि खाली नवरा रस्ता मोकळा असल्याचं सांगायला उभा. हे एकाच वेळी दोन्ही कसं खरं असेल, हे आम्हां दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

सगळं गाव दोन्ही बाजूंना होतं. भासरे आणि मामाजी कडुनिंबाखाली. मी पदर ओढून बायकांत.

आधी आवाज आला. मग पांढरी गाडी आली, आणि तिनं माझी तूर मळली नाही, उडवली. झाडं उचलून दोन्हीकडे फेकली गेली, शेंगा बायकांच्या तोंडावर बसल्या, दाणे छर्र्यांसारखे खडीत जाऊन पडले. बैल तुरीवर पाय ठेवतो, अंग टाकतो, पाय उचलतो. ही गाडी आली कधी आणि गेली कधी. दुसरी आली. तिसरीनं भोंगा लांबून वाजवायला सुरुवात केली आणि तो वाजवतच निघून गेली. तोवर डांबरावर सुटे दाणे नुसते मोत्यांसारखे घरंगळत होते.

चौथ्या गाडीनं ब्रेक मारला. तसा मारायला नको होता. ती आडवी झाली, कडेच्या मुरमावरून सरकली आणि आमच्या वावरात उतरून थांबली. बायका किंचाळल्या. कुणी मेलं असतं तर? तुरीचा सगळा हिशोब त्या एका क्षणात विसरले, हेही खरं आहे.

कुणाला काही झालं नव्हतं. एका बाजूनं चालवणारा उतरला. दुसऱ्या बाजूनं एक बाई उतरली. माझ्याच वयाची असेल. पुरुषी विजार, डोक्याला रुमाल, गळ्यात घड्याळ, हातात नकाशाची घडी. तिनं आधी गाडीचं चाक पाहिलं, मग घड्याळ पाहिलं, मग रस्त्यावरची तूर. ती चढ चढून वर आली. चिडली होती, पण आवाज चढवला नाही.

"ये किसका है?"

खालून पोलीस धावत येत होता. बाईनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. माझ्या हातात अजून तूर पसरायची दाताळी होती. तिला कळलं होतं. ती मलाच विचारत होती.

मला बोलायचं होतं. देवाशपथ बोलायचं होतं. "माझं आहे." दोन शब्द. मग ती चार बोल लावणार, पोलीस आठ लावणार, होईल ते होईल. पण चार हातांवर भासरे उभे होते. हात आपोआप वर गेला आणि पदर आणखी खाली आला.

भासरे पुढे झाले. टोपी काढली. "हमारे घर का है," ते म्हणाले. "गलती हो गई, बाईसाब."

पोलिसानं त्यांना सगळ्या गावासमोर झाड झाड झाडलं. त्यांनी खाली मान घालून ऐकलं. एकदाही धाकट्याचं नाव घेतलं नाही. मामाजींनी हात जोडले, पाटलांनी मध्ये तोंड घातलं, प्रकरण तिथंच थांबलं. पोलिसानं दहा-बारा माणसं लावून उरलेली तूर लाथांनी, काठ्यांनी कडेच्या नालीत ढकलायला लावली. बाकीच्या मोटारी सावकाश गेल्या. पन्नास नव्हत्याच. मी सतरा मोजल्या.

भासऱ्यांचा मला राग यायला हवा, आणि तो नीट येत नाही. त्यांनी आमच्या चुकीचे बोल स्वतःच्या अंगावर घेतले. पण त्या एका वाक्यात त्यांनी आमची तूरही घेतली, घरही घेतलं. "हमारे घर का." शिवरात्रीला अजून पाच दिवस होते, पण तिची गरज उरली नाही. सगळ्या गावानं ऐकलं होतं की घर एक आहे.

बाई जाताना घड्याळ बघून कुणाला तरी म्हणाली, आमची आठ मिनिटं गेली. तिला देण्याजोगं उत्तर माझ्याकडे होतं. आषाढात पेरलं, पौषात सोंगलं, माघ सरत आला. तुमची आठ मिनिटं गेली बाई, माझे आठ महिने. पण हे मला तिसऱ्या दिवशी सुचलं, नालीत बसून माती चाळताना. तोवर ती कलकत्त्याच्या वाटेवर कुठल्या कुठं पोचली असेल.

आणि आमचे हे? ते सगळा वेळ वावरात त्या गाडीखाली होते. दांडा वाकलाय का, तेल गळतंय का. दोरखंड आणलं, माणसं लावली, "हां, दम लगाके" करत गाडी रस्त्यावर चढवून दिली. ड्रायव्हरनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ती शर्यत त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट झाली. आजही पाहुणे आले की सांगतात, "मुंबई-कलकत्त्याची मोटार फसली होती आपल्या वावरात. कोनालेच निंगेना. मंग मी काढली." ती फसली कशी, हे पाहुणे विचारत नाहीत आणि हे सांगत नाहीत. मी चहाचे कप उचलून आत जाते. कितीदा ठरवलं की एकदा सगळं सांगून टाकावं. पण या वयात त्यांच्याजवळ तेवढंच आहे, आणि माझ्याजवळ भांडायला रोजच्या रोज नवी कारणं आहेत.

मी पाच दिवस त्या नालीत होते. झाडू, सूप, चाळणी. तुरीएवढे खडे आणि खड्यांएवढी तूर. मेडशीला माणूस धाडून सुभद्राबाईला बोलवावंसं वाटलं, पण तोंड नव्हतं. पहिल्याच दिवशी संध्याकाळी, मी घरी येऊन चूल पेटवायला वाकले, तेवढ्यात जाऊबाई दारात आल्या. आत आल्या नाहीत.

"भाकरी नोको टाकू. तिकडं टाकल्या हायेत तुमच्या बी."

"बाई, शिवरात यायची हाये अजून."

"काय पाह्यतं आता शिवरातीपावतर?" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "हात धुऊन ये. कोपरापावतर माती हाये."

मी हात धुतले आणि गेले.

नालीतून काढलेली तूर वाळवून, पाखडून, जात्यावर भरडून दाळ व्हायला पंधरा-वीस दिवस लागले. दाळ मी निवडली. परातीत पसरून, उन्हाकडे धरून, दोनदा निवडली. शिजवलीही मीच. पुरुषांची पंगत बसली, मी वाढत होते. पाखऱ्या-लाल्या जोडीनं परत कामाला लागले होते, त्याबद्दल काही बोलणं चाललं होतं. तेवढ्यात मामाजींच्या दाताखाली खडा आला. आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यांनी घास थांबवला, बोटानं खडा काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि पुढे जेवायला लागले. आमच्या यांनी पाणी मागितलं.

चुलीपुढून जाऊबाई म्हणाल्या, "उद्यापासून दाय मी निवडत जाईन."

भासरे समोर होते, म्हणून मी "बरं" एवढंही तोंडानं म्हणाले नाही. मान हलवली. त्यानंतर अकरा वर्षं त्या घरात मी दाळ निवडली नाही.